स्मरणासाठी बांधलेले घर : लंडनच्या फ्रीमेसन्स हॉलची वाटचाल

लंडनच्या मध्यवस्तीत, होबर्न आणि कॉव्हेंट गार्डन या दोन भुयारी स्थानकांच्या दरम्यान, ग्रेट क्वीन स्ट्रीट हा रस्ता आहे. इंग्लंडमधील फ्रीमेसन मंडळींनी १७७४ मध्ये इथे जागा घेतली आणि तेव्हापासून त्यांचे मुख्य ठाणे इथेच आहे. या अडीचशे वर्षांत त्यांनी याच जागेवर पुनःपुन्हा बांधकाम केले. काही वाढवले, काही पाडले, काही आगीत गमावले. आज तिथे उभी असलेली पोर्टलंड दगडाची भव्य वास्तू १९३३ मध्ये पूर्ण झाली. पहिल्या महायुद्धात बळी पडलेल्या सभासदांचे स्मारक म्हणून, हयात सभासदांच्या वर्गणीतून ती उभी राहिली.

युद्धानंतर युरोपात गावोगावी स्मृतिस्तंभ उभारले गेले. या संस्थेने स्तंभ उभारला नाही. रोज वापरात राहील असे घर तिने बांधले आणि त्याच्या ऐन मध्यमार्गावर मृतांची नावे ठेवली. या वास्तूचा मोठेपणा मला त्या निवडीत दिसतो. तिथवर पोहोचायला संस्थेला दोनशे वर्षे लागली.

टॅव्हर्नमधल्या बैठका

फ्रीमेसन संघटनेने आपली सगळी परिभाषा दगडकामातून घेतली आहे. गुण्या, कर्कटक, ओळंबा आणि पाणसळ ही गवंड्याची हत्यारे तिथे नीतीची चिन्हे होतात. गुण्या वागणुकीतला सरळपणा शिकवतो, पाणसळ सर्वांना एका पातळीवर आणते. नवा सभासद म्हणजे खाणीतून नुकताच निघालेला ओबडधोबड दगड. त्याने स्वतःला घडवून चौरस, चपखल व्हायचे. बायबलमधील राजा सॉलोमनच्या मंदिराची उभारणी ही त्यांच्या विधींची मूळ कथा. सभासद एकमेकांना बंधू म्हणतात, शाखेला लॉज म्हणतात आणि शाखेच्या अध्यक्षाला मास्टर.

बांधकामाची भाषा बोलणाऱ्या या मंडळींना सुरुवातीला स्वतःचे छप्पर मात्र नव्हते. संस्थेच्या परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी, सेंट जॉन बॅप्टिस्टच्या सणाच्या दिवशी, लंडनमधील चार लॉज सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारातील ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ या मद्यगृहात एकत्र आली. तिथे त्यांनी पहिले ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन केले आणि अँथनी सेयर यांना ग्रँड मास्टर निवडले. हा वृत्तांत प्रथम जेम्स अँडरसन यांच्या संविधान ग्रंथाच्या १७३८ च्या आवृत्तीत आला. अलीकडच्या काही इतिहास संशोधकांच्या मते खरी स्थापना १७२१ ची. वर्ष कोणतेही मानले तरी जागेबद्दल वाद नाही. लॉजच्या बैठका टॅव्हर्नच्या माडीवर होत आणि वार्षिक मेजवानीसाठी व्यापारी संघांची सभागृहे भाड्याने घ्यावी लागत.

त्या काळच्या लंडनमध्ये ही रीत सर्वमान्य होती. विमा, राजकारण, विज्ञान, संगीत या सगळ्यांच्या बैठका कॉफीगृहात नाहीतर टॅव्हर्नमध्येच भरत. पण सभासद वाढले, सरदार आणि राजघराण्यातील माणसे येऊ लागली. दफ्तर, विधींचे सामान, मदतनिधीचे हिशेब यांना कायमची जागा हवी झाली.

सँडबींचे सभागृह

१७७४ मध्ये ग्रेट क्वीन स्ट्रीटवर एक घर, त्यामागची बाग आणि बागेपलीकडचे दुसरे घर अशी मालमत्ता विकत घेण्यात आली. बागेच्या जागी सभागृह बांधण्याचे काम टॉमस सँडबी यांच्याकडे आले. रॉयल अकादमीचे ते वास्तुकलेचे पहिले प्राध्यापक. १ मे १७७५ ला पायाचा दगड बसला आणि २३ मे १७७६ रोजी सभागृहाचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. रस्त्यालगतच्या घराचे ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’ झाले. जेवणावळी तिथे आणि विधी मागच्या सभागृहात, अशी सोय लागली.

संस्थेचा स्वतःचा वापर रोजचा नव्हता. त्यामुळे सभागृह आणि टॅव्हर्न इतरांनाही भाड्याने मिळत. त्या भाड्यातून संस्थेचा खर्च भागला आणि शहराला एक मोठे सार्वजनिक ठिकाण मिळाले. १३ नोव्हेंबर १८०७ रोजी जिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना या टॅव्हर्नमध्ये झाली. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी इथेच फुटबॉल असोसिएशन जन्माला आली. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचे नियम पुढच्या काही आठवड्यांत याच छताखाली ठरले.

जून १८४० मध्ये या सभागृहात गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली. अमेरिकेतून प्रतिनिधी म्हणून आलेल्या ल्युक्रेशिया मॉट आणि इतर स्त्रियांना परिषदेने प्रतिनिधींमध्ये बसू दिले नाही. त्यांना बाजूला बसून ऐकावे लागले. पतीबरोबर तिथे आलेल्या एलिझाबेथ केडी स्टॅंटन यांची मॉटबाईंशी ओळख याच परिषदेत झाली. आठ वर्षांनी या दोघींनी सेनेका फॉल्स येथील स्त्री हक्क परिषदेत पुढाकार घेतला. ज्या संघटनेत स्त्रियांना प्रवेश नव्हता, तिच्या सभागृहात स्त्रीमुक्तीच्या इतिहासातले एक पाऊल पडले. या वास्तूच्या वारशात ही नोंदही ठळकपणे करायला हवी.

दोन ग्रँड लॉजचा मिलाफ

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्रँड लॉज एकच उरले नव्हते. १७५१ मध्ये दुसरे निघाले. या नव्या गटाने स्वतःला ‘एन्शंट्स’ म्हणजे प्राचीन परंपरेचे म्हटले आणि आधीच्या गटाला ‘मॉडर्न्स’ ठरवले. साठ वर्षांहून अधिक काळ दोघांचे स्वतंत्र कारभार चालले. अखेर राजघराण्यातल्या दोन सख्ख्या भावांकडे दोन्ही गटांची सूत्रे आली. ड्यूक ऑफ ससेक्स एका बाजूचे प्रमुख, तर राणी व्हिक्टोरियाचे वडील ड्यूक ऑफ केंट दुसऱ्या बाजूचे. २७ डिसेंबर १८१३ रोजी एकीकरण होऊन ‘युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड’ अस्तित्वात आले.

त्या एकीसाठी बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुकार सर जॉन सोन यांनी एक लाकडी करंडक घडवून दिला. तो त्रिकोणी होता आणि तीन कोपऱ्यांवर डोरिक, आयोनिक व कोरिंथियन या तीन शैलींचे स्तंभ होते. एकीचा करार त्यात ठेवायचा होता. सोन यांनी पुढे १८३१ पर्यंत इथे नवे सभागृहही बांधले, पण ते तीन-साडेतीन दशकेच टिकले. वाढत्या कारभाराला जागा अपुरी पडली आणि १८६० च्या दशकात फ्रेडरिक पेपिस कॉकरेल यांच्या आराखड्यानुसार मोठी इमारत आली. १८८३ मध्ये सँडबींच्या सभागृहाला आग लागली. सोन यांचा करंडक त्यात जळाला. सभागृह डागडुजी करून वापरात राहिले. नव्या इमारतीच्या कामात, १९३० च्या दशकात, तेही पाडले गेले. जुन्या टॅव्हर्नच्या जागी १९०९-१० च्या सुमारास ‘कनॉट रूम्स’ ही मेजवानीगृहांची इमारत झाली.

ही मोडतोड वाचताना हळहळ वाटते. सँडबी, सोन आणि कॉकरेल हे इंग्रजी वास्तुकलेतले तीन मोठे कलावंत एकाच जागेवर राबले आणि तिघांच्याही कामाची जागा पुढच्याने घेतली. पुढे आलेली वास्तू टिकून राहिली, कारण तिला गरजेपेक्षा मोठे कारण मिळाले होते.

दहा गिनींची वर्गणी

महायुद्ध संपल्यावर २७ जून १९१९ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ग्रँड लॉजची शांतता सभा झाली. ड्यूक ऑफ कनॉट तेव्हा ग्रँड मास्टर होते. आपल्याकडच्या वाचकाला हे नाव परके नाही. राणी व्हिक्टोरियाचे हे पुत्र १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचे प्रमुख होते. लंडनमध्ये संघटनेला शोभेल असे मध्यवर्ती घर बांधावे आणि तेच युद्धात पडलेल्या बंधूंचे स्मारक व्हावे, असा त्यांचा प्रस्ताव होता.

दहा लाख पौंडांचे उद्दिष्ट ठेवून ‘मेसॉनिक मिलियन मेमोरियल फंड’ सुरू झाला. वर्गणीची रचना विचारपूर्वक केलेली होती. किमान दहा गिनी देणाऱ्याला चांदीचे पदक, शंभर गिनी देणाऱ्याला सोन्याचे. ज्या लॉजची वर्गणी माणशी सरासरी दहा गिनी भरेल त्याला ‘हॉल स्टोन लॉज’ म्हणायचे. त्याला सोन्याचे पदक मिळे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या मास्टरने गळ्यात घालायचे. पदकाचा आकार क्रुसाचा, म्हणजे त्यागाचा. मध्ये मंदिर धरलेली पंखधारी शांतिदेवता आणि दोन बाजूंना १९१४ व १९१८ ही साले. ही रचना सिरिल सॉंडर्स स्पॅकमन यांची.

पदकांची संख्या पन्नास हजारांवर गेली. १,३२१ लॉज हॉल स्टोन लॉज ठरली. दहा गिनी म्हणजे साडेदहा पौंड. साध्या पगारदाराला ही रक्कम जड होती. बड्या सरदारांचा पैसा निधीत होताच, पण आकडा गाठला तो लॉजलॉजमधून माणशी जमवलेल्या रकमांनी. देणगीदाराचे नाव भिंतीवर मोठ्या अक्षरात कोरण्याची सवय जगभर आहे. इथे भिंतीवर लॉजची नावे आली आणि माणसांची नावे जपली ती मृतांची. वर्गणीचा हा संस्कार मला फार मोलाचा वाटतो.

कोपऱ्यावरचा दरवाजा

आराखड्यासाठी स्पर्धा घेतली गेली. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते सर एडविन लट्यन्स. नवी दिल्लीची उभारणी त्यांच्याकडे होती, त्याच काळातली ही गोष्ट. ११० आराखडे आले आणि हेन्री व्हिक्टर ॲशली व फ्रान्सिस विंटन न्यूमन या जोडीचा आराखडा निवडला गेला. १४ जुलै १९२७ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांनी रॉयल अल्बर्ट हॉलमधूनच विजेच्या यंत्रणेच्या साहाय्याने कोनशिला बसवली. जमलेला मोठा समुदाय बांधकामाच्या जागी मावला नसता, म्हणून ही योजना. १९ जुलै १९३३ रोजी वास्तूचे समर्पण झाले. नाव ठेवले ‘मेसॉनिक पीस मेमोरियल’.

सव्वादोन एकरांच्या या जागेला सरळ चौकोनी आकार नव्हता. वास्तुकारांनी ही अडचणच रचनेचा कणा केली. मुख्य दरवाजा ग्रेट क्वीन स्ट्रीट आणि वाइल्ड स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ठेवला, त्यावर उंच मनोरा चढवला आणि तिथून इमारतीच्या मध्याकडे तिरपा अक्ष नेला. दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्याला मनोरा दिसतो आणि आत शिरल्यावर वाट एका रेषेत मुख्य सभागृहाकडे जाते. सांगाडा पोलादाचा, दर्शनी आवरण पोर्टलंड दगडाचे. बाहेर अभिजात शैलीचे स्तंभ आहेत, तर आतल्या धातुकामात आणि दिव्यांमध्ये त्या दशकाची आर्ट डेको नजर दिसते.

आत जाण्याचा क्रम हे या वास्तूचे खरे वैभव. जिन्याने वर गेल्यावर एकामागून एक दालने लागतात. आपल्याकडच्या जुन्या देवळात मंडपामागून मंडप ओलांडत गाभाऱ्याकडे जावे, तशी ही वाट मन सावकाश शांत करत नेते. मुख्य सभागृहाकडे जाताना स्मारक टाळून पुढे जाता येत नाही. रंगीत काचांच्या मोठ्या खिडकीचा विषय आहे, त्यागातून मिळालेली शांतता. खिडकीतल्या देवदूताच्या हातात याच इमारतीच्या मनोऱ्याची प्रतिकृती आहे. खालच्या भागात सैनिक आणि सामान्य नागरिक वळणाच्या जिन्याने त्याच्याकडे चढत आहेत.

खिडकीखाली वॉल्टर गिल्बर्ट यांनी घडवलेली कांस्य पेटी आहे. लव्हाळ्यांत विसावलेल्या नावेवर ती ठेवलेली आहे. नावेचा अर्थ, संपलेला प्रवास. दर्शनी भागावर मोझेस, जोशुआ, सॉलोमन आणि सेंट जॉर्ज यांच्या सोनेरी मूर्ती. पेटीत युद्धात पडलेल्या तीन हजारांहून अधिक बंधूंच्या नावांची गुंडाळी आहे आणि चार सैन्यदलांचे प्रतिनिधी असलेल्या गुडघे टेकलेल्या मूर्ती तिच्या पहाऱ्याला आहेत. पुढच्या दालनाच्या संगमरवरी भिंतींवर हॉल स्टोन लॉजची नावे कोरलेली आहेत. आधी मृतांची गुंडाळी, मग त्यांच्यासाठी वर्गणी देणारी लॉज, मग सभागृह. हा क्रम वास्तुकारांनी जमिनीच्या आराखड्यातच बसवला.

सभागृहाची कांस्य दारे गिल्बर्ट यांचीच. एकेक दार सव्वा टन वजनाचे असूनही सहज फिरते. त्यांवर सॉलोमनच्या मंदिराच्या बांधकामाचे प्रसंग उठावात घडवलेले आहेत. आतले ग्रँड टेंपल १२३ फूट लांब, ९० फूट रुंद आणि ६२ फूट उंच असून १,७०० माणसे त्यात बसतात. छताच्या कडेने फिरणाऱ्या मोझेइक पट्ट्यात पूर्वेला याकोबची शिडी आणि तिच्या दोन बाजूंना राजा सॉलोमन व टायरचा राजा हिराम आहेत. पश्चिमेला युक्लिड आणि पायथागोरस. चार कोपऱ्यांवर विवेक, संयम, धैर्य आणि न्याय हे चार सद्गुण. धर्मग्रंथातले राजे आणि भूमितीचे आचार्य समोरासमोर बसवण्यात या संघटनेची सगळी धारणा येते. कारागिराच्या हाताला श्रद्धा हवी आणि मापही हवे. इथला विलिस घराण्याच्या कारखान्यातला पाइप ऑर्गन १९३३ चा. २०१५ मध्ये त्याची पूर्ण दुरुस्ती झाली आणि तो आता सार्वजनिक मैफलींतही वाजतो.

मुख्य सभागृहाभोवती वीसहून अधिक लहान-मोठी लॉजगृहे आहेत. बहुतेकांची मांडणी सारखी: मध्ये काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन, पूर्वेला मास्टरचे आसन, पश्चिमेला आणि दक्षिणेला त्याच्या दोन साहाय्यकांची, म्हणजे वॉर्डनांची. आराखडा ठरलेला असला तरी लाकूडकाम, छत आणि दिवे यांतून प्रत्येक खोलीला स्वतःचा चेहरा दिला आहे.

मुंबईकडून पाहताना

बंधुभावाच्या या घराकडे मुंबईच्या वाचकाने पाहिले, की एक प्रश्न येणारच. हा बंधुभाव कोणासाठी होता? मुंबईत १७५८ मध्ये इंग्लिश परंपरेचे लॉज निघाले, पण त्यानंतर दीर्घकाळ भारतीयांना दार बंद होते. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश मिळेना. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. अखेर स्कॉटिश डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १५ डिसेंबर १८४३ रोजी भारतीयांसाठी ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाले, तेही लंडनच्या नव्हे तर स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या छत्राखाली. माणेकजी पुढे न्यायाधीश झाले आणि मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी झटले. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना तर हिंदू म्हणून प्रवेशासाठी जवळपास दहा वर्षे झगडावे लागले. १८७२ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली.

पाणसळ सर्वांना एका पातळीवर आणते, हे तत्त्व मांडणे सोपे होते. ते पाळायला वसाहतीतल्या माणसांनी संघटनेला भाग पाडले. मुंबईत जन्मलेले आणि १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये दीक्षा घेतलेले रुडयार्ड किपलिंग यांनी पुढे त्या मिश्र लॉजची आठवण कवितेत जपली. किपलिंग यांचा एकुलता मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत गेला. युद्धसमाध्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी १९२७ मध्ये लंडनमध्ये जे लॉज निघाले, त्याला ‘बिल्डर्स ऑफ द सायलेंट सिटीज’ हे नाव त्यांनीच सुचवले. ग्रेट क्वीन स्ट्रीटवर कोनशिला बसली तेही हेच वर्ष.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली. रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. मुंबईच्या फोर्ट भागातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये आजही लॉजच्या बैठका भरतात.

दारे उघडली

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि शांततेचे स्मारक हे नाव मिरवणे अवघड झाले. वास्तू पुन्हा ‘फ्रीमेसन्स हॉल’ झाली. युद्धकाळाने आणि नंतरच्या दशकांनी संघटनेला मौनाची सवय लावली, आणि मौनातून संशय वाढला. १७९९ च्या कायद्याने लॉजना सभासदांच्या याद्या सरकारी अधिकाऱ्याकडे द्याव्या लागत आणि ती तरतूद १९६७ पर्यंत टिकली. म्हणजे संशय जुनाच होता. १९८५ पासून वास्तू लोकांसाठी खुली आहे. संग्रहालय आणि १८३७ मध्ये सुरू झालेले ग्रंथालय अभ्यासकांना उपलब्ध आहेत. ‘स्पूक्स’ या टीव्ही मालिकेत गुप्तचर खात्याचे मुख्यालय म्हणून याच इमारतीचा दर्शनी भाग दिसला. इमारतीला ग्रेड टू स्टार दर्जाचे वारसा संरक्षण आहे.

२५ एप्रिल २०१७ रोजी दारासमोरच्या फरसबंदीत, पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या ६४ फ्रीमेसनांची नावे बसवली गेली. जी स्मृती पूर्वी जिना चढून जाणाऱ्यालाच भेटत होती, ती आता रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही भेटते.

स्मारक जपायचे म्हणजे कुलूप लावून झाडलोट करायची, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ग्रेट क्वीन स्ट्रीटचा अनुभव वेगळे सांगतो. इथे सभा भरतात, ऑर्गन वाजतो, संशोधक जुनी दफ्तरे उघडतात, फॅशनचे सोहळे आणि चित्रीकरणेही होतात. वापर आहे म्हणून उत्पन्न आहे, उत्पन्न आहे म्हणून दुरुस्ती होते, आणि दुरुस्ती होते म्हणून ती नावे सुरक्षित आहेत. आधीची सभागृहे गरज बदलली तशी पाडली गेली. या वास्तूत मृतांची नावे आणि वर्गणीदारांचा शब्द आराखड्यातच गुंफलेला असल्यामुळे, गरजा बदलूनही ती पाडावी असे कोणाला वाटले नाही. कोणत्याही संस्थेने नवी इमारत बांधताना पैसे कोणी दिले आणि कशासाठी दिले, हे भिंतींना सांगून ठेवावे. पुढच्या पिढीला वास्तू राखायचे बळ त्यातूनच मिळते.